घाटावरचं कोरडं ऊन

कमळ खाली बसली ते मला दिसलं नाही. माझ्या डोक्यावर कांद्याचं ओझं होतं, आणि नाणेघाट उतरताना डोक्यावर ओझं असलं की नजर पायाखालच्या दगडावर ठेवावी लागते. मागून माझ्या मुलाने, सुदामने हाक मारली.

"आई, थांब गो. ही बसली."

मी म्हटलं, "बसू दे. दम घेईल नि येईल."

"ही बोलत नाय."

मी ओझं उतरवलं आणि चार दगड वर चढून गेले. माझी सून वाटेच्या कडेला पाय पसरून बसली होती. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. गालाला हात लावला तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. काखेत हात घालून पाहिला. तिथेही कोरडं. पाच महिन्यांची पोर तिच्या पाठीला बांधलेली होती आणि गळा काढून रडत होती, ते तिला ऐकूच येत नव्हतं.

"कमळे, नाव सांग तुझं."

"वाफा राहिलाय," ती म्हणाली. मग ओकली आणि आडवी झाली.

दुपारचे दोन वाजून गेले असतील. घाटमाथा तासभर मागे राहिला होता. खाली वैशाखरे गाव ओझ्यानिशी दीड तासावर. मध्ये पाणी नाही. आम्ही नऊ माणसं होतो आणि नऊ जणांत मिळून एक बाटली होती. तीत चार बोटं पाणी उरलं होतं.

गोविंद माझा धाकटा दीर आणि आमच्या टोळीचा म्होरक्या. त्याने कमळकडे एकदाच पाहिलं. ओझं झाडाला टेकवलं आणि म्हणाला, "वैनी, हिला सावलीत घ्या. मी खाली जातो, पाणी नि माणसं आणतो." आणि पळत सुटला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण उतारावर शेळीसारखा जायचा.

हे असं कशामुळे झालं ते सांगायचं तर अठरा दिवस मागे जायला हवं.

शेणव्याच्या बाजूचा आमचा पाडा

शहाण्णव सालची ही गोष्ट. आम्ही शहापूर तालुक्यातली भातशेतीवाली माणसं. ज्यांनी आमचा भाग फक्त पावसाळ्यात, सगळं हिरवं असताना पाहिला आहे, त्यांना होळीनंतरचा भाग ओळखता येणार नाही. जमिनीला अशा भेगा पडतात की त्यांत विळा पडला तर दिसत नाही. आसपासच्या मोठ्या धरणांचं पाणी मुंबईला जातं, आणि आम्ही विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी जमायची वाट बघत बसतो. दहानंतर शेतात उभं राहवत नाही, आणि उभं राहिलं तरी करायला काम नसतं. म्हणून माणसं बाहेर पडतात. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कोणी खाडीवर रेती काढायला, कोणी घाटावर कांदे काढायला. पाऊस तोंडावर आला की परत.

आम्ही आधीची दोन वर्षं वीटभट्टीवर गेलो होतो. तिथे वरून ऊन आणि खालून आग. पत्र्याच्या खोपट्यात दुपारी बसवत नव्हतं म्हणून माणसं भट्टीच्या भिंतीच्या सावलीत बसायची, आणि ती भिंतही तापलेली. पहिल्याच वर्षी तिथे कमळचं पहिलं पोट पडलं, पाचव्या महिन्यात. कशाने पडलं ते कोणी सांगितलं नाही. आम्ही ते उन्हावर ठेवलं.

त्यानंतर ही मुलगी झाली. होळी झाल्यावर भट्टीचा मुकादम निरोप घेऊन आला तेव्हा सुदाम ओटीवर बसून राहिला, हो म्हणेना, नाही म्हणेना. कमळ आतून म्हणाली, "मी पोरीला तिकडं नेनार नाय." सासरा समोर बसलेला असताना ती एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलली.

गोविंद म्हणाला, "मग घाटावर चला. कांदे काढायला माणसं पायजेत तिकडं. थंड हवा. पंखा लागत नाय."

"तू कधी गेलावतास?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"मी नाय गेलो. पन ऐकलंय."

"ऐकलंय म्हनं. लगीनपन असंच ऐकून केलंस."

सगळे हसले. गोविंदची बायको त्याला सोडून माहेरी गेली होती त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. तोही हसला. त्याच्यावर कोणी काही बोललं तर सगळ्यांत आधी तोच हसायचा, आणि मग दुसऱ्याची पाळी काढायचा. टोळीत असा माणूस लागतो. काम पुढे सरकतं.

मुकादमाला नाही सांगितलं. माझा नवरा गुरांपाशी राहिला. गोविंद, सुदाम, कमळ, मी, आणि पाड्यातली आणखी पाच माणसं निघालो. पोर दहावी.

सरळगाव, वैशाखरे

किन्हवलीवरून सरळगावला एसटीने गेलो. तिथे उतरलो आणि गाडी सुटल्यावर गोविंदच्या लक्षात आलं की जवळ्याचं गाठोडं वर फळीवर राहिलं. तो गाडीमागे बोंबलत धावला. कंडक्टरने गाडी थांबवली नाही, खिडकीतून गाठोडं बाहेर फेकलं. ते फुटलं. भर नाक्यावर आम्ही नऊ माणसं खाली बसून सुका जवळा वेचत होतो आणि सरळगावची कुत्री आमच्याभोवती उभी होती.

"निम्मा गेला," मी म्हटलं.

"निम्मा गेला, पन वजन वाढलं," गोविंद म्हणाला. मातीसकट भरला होता.

वैशाखऱ्याला माझी धाकटी बहीण यमुना दिली आहे. हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेत भेटलो होतो, त्यानंतर आताच. तिने रात्री भात आणि कैरीची आमटी केली. जेवताना ती सांगत होती, "पाटे चारला निघा. उन्हं वर यायच्या आत नळीच्या तोंडाशी पोचा. पानी भरून न्या." आम्ही तसंच केलं. यमुनाच्या नवऱ्याने पाण्याचे दोन कॅन दिले.

नाणेघाटाची वाट मी पहिल्यांदा चढत होते. खाली जंगल आहे, पण चैत्रात सागाला पान नसतं. सगळी पानं खाली पडून वाळलेली, पाय टाकला की पापडासारखी मोडतात. वर गेल्यावर वाट दगडांनी बांधलेली आहे. फार जुनी आहे म्हणतात, पूर्वी बैलांवर माल याच वाटेने जायचा. शेवटी दोन कड्यांच्या मधून अरुंद नळी जाते. तिथे कातळात खोदलेली गुंफा आहे, तिच्या भिंतीवर अक्षरं आहेत. मला वाचता येतं, पण ती अक्षरं वेगळी. बाजूला पाण्याची टाकी, कातळातच खोदलेली. पाणी इतकं थंड की दात शिवशिवले. नळीच्या वरच्या तोंडाला दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात पूर्वी जकात टाकायचे म्हणे. मी डोकावून पाहिलं. पाला होता.

नळीतून वर डोकं काढलं आणि वारा लागला. आमच्याकडे उन्हाळ्यात असा वारा नसतो. आमचं ऊन चिकट, घाम गळत राहतो, कपडा अंगाला बसतो. इथे नळीच्या तोंडाशी दोन मिनिटं उभे राहिलो आणि पोलकं वाळलं.

गोविंदने दोन्ही हात पसरले. "बघा. सांगितलं नव्हतं? घाम नाय, म्हंजे ऊन नाय."

आम्हां सगळ्यांना ते पटलं. आम्ही आयुष्यभर ऊन घामावरूनच मोजलं होतं.

वर

माथ्यावरून जीपने दोन तास आत गेलो. शेतकऱ्याचं घर मळ्यातच होतं. त्याची आई सखूबाई माझ्याच वयाची. गळ्यात माळ, डोक्यावरून पदर, आणि पदरावरून वर एक फडकं बांधलेलं. तिने आमच्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे:

"आगं बाया, डुईवर काय घ्या की. उघड्याच आलाव का?"

आमच्याकडच्या बायका काम करताना लुगडं गुडघ्यावर खोचतात आणि डोकं उघडं ठेवतात. पुरुष तर उघडेच असतात. घामाला वारा लागला तर बरं वाटतं. तिकडे उलटं. पुरुष पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि कानांवरून उपरणं गुंडाळून शेतात जातात. आम्हांला वाटलं ही माणसं थंडीत राहून नाजूक झाली आहेत.

पहिल्याच संध्याकाळी भांडण झालं. आम्ही चूल पेटवली आणि जवळा भाजला. सखूबाई नाकाला पदर लावून आली.

"काय जाळताय वं? मेलंय का काय?"

"जवळा हाय. खाऊन बघा."

"इस्वरा!" ती म्हणाली. मग तिने आमची चूल बांधाच्या पलीकडे हलवायला लावली, आणि जागेवर शेणाचा सडा टाकला. मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी तिने कळशीभर ताक पाठवलं, आणि रोज पाठवत राहिली. मी तिला एकदा कोकमं दिली. तिने ती लेकाला दाखवली आणि विचारलं, "हे धुवायचं का खायचं?"

खाण्याचे हाल झाले. त्यांच्याकडे बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. भात सणाला. आमच्याबरोबरचा तांदूळ आठ दिवसांत संपला. विहिरीचं पाणी जड, त्यात तो तांदूळही नीट शिजायचा नाही. सकाळी आमच्याकडे पेज पितात, म्हणजे पोटात पाणीच जातं. तिथे सकाळी भाकरी. हा फरक मला तेव्हा फक्त चवीचा वाटला.

काम उक्तं होतं, म्हणजे दिवसावर नाही, वाफ्यांवर. कांदा उपटायचा, पात कापायची, ढीग करायचा. एका शेतात किती वाफे आहेत ते पहिल्या दिवशी ठरलेलं. लवकर संपवा, लवकर जा. आणि आम्हांला जायची घाई होती, कारण घरी राब राहिला होता. ज्या जागेत भाताचं रोप टाकायचं ती जागा आम्ही आधी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजतो, त्याला राब म्हणतात. पावसाच्या आत तो भाजला नाही तर वर्ष गेलं.

मळ्यातली माणसं दिवस उजाडता शेतात यायची आणि अकराला थांबायची. मग चारपर्यंत आंब्याखाली झोपायची. आम्हांला हसू यायचं.

"पाटील, पोट सुटंल," गोविंद मालकाला सांगायचा.

"सुटू द्या. जिता असलो तर सुटंल," मालक आडवा पडून म्हणायचा.

आम्ही मात्र वाऱ्यात दुपारभर काम केलं. खरंच सांगते, त्रास वाटत नव्हता. ओठ फुटले, नाकात रक्त वाळायचं, पण घाम नव्हता, त्यामुळे थकल्यासारखंही वाटायचं नाही. घाम येत होता आणि निघताक्षणी वाळत होता, हे मला पुढे मुरबाडच्या डॉक्टरने सांगितलं. तेव्हा अंगावर पांढरी खार दिसायची, ती आम्ही धूळ म्हणून झटकायचो.

आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे बाईला लघवीला जायचं तर चार पावलांवर झुडूप असतं. तिथे जिकडे बघावं तिकडे उघडं रान, कांदा आणि बांध. आडोसा म्हणजे ओढा, तो अर्ध्या कोसावर. दिवसाउजेडी एकटी बाई कशी जाणार, म्हणून दोघींनी जायचं. दोघींचं काम थांबायचं. म्हणून आम्ही बायकांनी पाणीच कमी केलं. सकाळी एक तांब्या, मग संध्याकाळी. कोणी कोणाला सांगितलं नाही, सगळ्यांनी केलं. कमळला मात्र मी सांगितलं. ती पोरीला पाजायची, तिला तहान जास्त लागायची, आणि दर वेळी तिच्याबरोबर ओढ्यावर मलाच जावं लागायचं. मी म्हटलं, "सारखी पानी पिऊ नको. वाफा मागं राहतो." ती नाही म्हणाली नाही.

बाराव्या-तेराव्या दिवशी पोर रडायला लागली. आंब्याच्या फांदीला झोळी बांधली होती, तीत दिवसभर कुरकुरायची. सखूबाईने तिला उचलली, टाळूवर हात फिरवला.

"हिला दूध पुरंना. आईला पानी पाज की गं, सासू हायस का कोन हायस?"

"ताक पिते ती तुमचं."

"वाटीभर ताकानं काय हुतंय? ही हवा चाटून घेती मानसाला. आमी हितलीच, आमी दुपारचं भाईर पडत न्हाय. तुमी पावन्यांनी आमास्नी शिकवायला लागलाय."

मी कमळला दोन दिवस पाणी पाजलं. मग कामाच्या घाईत राहिलं.

हे सगळं आता आमच्या पाड्यात सगळ्यांना माहीत आहे. अजूनही माणसं वर जातात, भट्टीपेक्षा तेच बरं म्हणतात. पण आता फाल्गुनातच जातात, डोक्याला फडकं बांधून, आणि बायका पहिल्या दिवशी बांधाच्या कोपऱ्यात गोणपाटाचा आडोसा उभा करायला लावतात. आडोसा नसेल तर काम नाही. हल्ली ऊनही वाढलं आहे. पूर्वी चैत्रात जे व्हायचं ते आता शिमग्याआधीच होतं. पण त्या साली हे काही आम्हांला माहीत नव्हतं.

उतार

अठराव्या दिवशी शेवटचे वाफे उरले होते. पहाटे लागलो आणि अकराला संपवले. मालकाने प्रत्येकाला ओझंभर कांदे दिले. सखूबाई म्हणाली, "आज ऱ्हावा. उद्या पाटं जावा." गोविंद म्हणाला, "राब ऱ्हायलाय, मावशी." सुदाम म्हणाला, "वारा हाय तवर उतरू." मलाही घरी जायचं होतं.

जीपने माथ्यावर आलो तेव्हा एक वाजला होता. वारा होता. टाक्यांवर प्रत्येकाने दोन घोट घेतले. यमुनाच्या नवऱ्याने दिलेले दोन कॅन होते, पण ते आम्ही भरले नाहीत. त्यांत मिरच्या आणि बाजरीचं पीठ भरलं होतं. वैशाखऱ्यापर्यंत उतारच आहे, खाली बहीण आहे, असं म्हणून एक बाटली भरली.

नळीतून खाली उतरलो आणि वारा थांबला. दार लावावं तसा. खालची हवा जड, ओली, आणि कातळ सकाळपासून तापलेला. आम्ही अठरा दिवस त्या दमट उन्हातून बाहेर होतो, आता डोक्यावर ओझं घेऊन परत त्यात चाललो. आम्हां बाकीच्यांना दहा मिनिटांत घाम फुटला, आणि गंमत म्हणजे बरं वाटलं. ओळखीचं. कमळला घाम आला की नाही, ते मी पाहिलं नाही. पुढे काय झालं ते सुरुवातीला सांगितलं.

गोविंद खाली पळाल्यावर आम्ही कमळला उचलून उंबराखाली नेलं. त्या वाटेवर पान असलेलं तेवढंच झाड होतं. मी तिचं लुगडं सैल केलं, पोलकं सोडलं. सुदाम लाजून मान फिरवून उभा राहिला.

"अरे, बायको हाय तुझी. वारा घाल," मी ओरडले.

तो गोणपाटाने वारा घालू लागला. चार बोटं पाणी होतं ते तोंडात घालायचं की अंगावर, यावर आमच्यात वाद झाला. तोंडात घातलं तर ती गिळत नव्हती, घशात अडकेल अशी भीती. मी ते गळ्यावर आणि छातीवर ओतलं. पोरीचं दुपटं मुतून ओलं झालं होतं, ते कपाळावर ठेवलं. टोळीतली एक बाई कांदा फोडून तिच्या तळपायाला चोळत होती. ऊन लागल्यावर आमच्याकडे तेच करतात. त्याने काही झालं नाही, पण तिच्या हाताला काम मिळालं. अर्ध्या तासाने कमळचे हात झटके देऊ लागले. सुदाम रडायला लागला. मी त्याला म्हटलं, "रड, पन हात थांबवू नको."

पोरीला मी माझ्या छातीशी लावलं. म्हातारीच्या छातीत काय असणार. पण ती चोखत राहिली आणि गप्प झाली.

तासाभराने खालून एक म्हातारा गुराखी वर आला. त्याच्या हातात पाण्याने भरलेला कॅन होता, पाच लिटरचा. पाणी त्याचं स्वतःचंच होतं. गोविंद त्याला वाटेत भेटला होता आणि गोविंदने त्याला आधी वर पाठवलं होतं. आम्ही कमळला भिजवली, वारा घातला, परत भिजवली. झटके थांबले. डोळे मिटले. श्वास चालू होता.

साडेचारच्या सुमाराला गोविंद आला. बरोबर वैशाखऱ्याचे तीन जण, लांब बांबू, एक चादर आणि आणखी पाणी. त्याचा चेहरा लाल होता. मला बघून तो म्हणाला, "आये, भात झाला का?"

मी म्हटलं, "आये कुनाला म्हनताव भावजी? मी वैनी तुमची."

"झाला असंल तर वाढ."

त्या तीन जणांतला एक हसला. मग आम्हीही हसलो. दोन तास भीतीने आवळलेलो होतो, हसायला काहीही पुरलं असतं. आणि हा माणूस नेहमीच असं काही तरी बोलायचा. सुदाम म्हणाला, "काका, हितं पन?" गोविंद हसला नाही. तो बांबूकडे बघत उभा होता. गुराखी त्याला म्हणाला, "तुमी तरी घोट घ्या आता. मघा म्या म्हटलं तर घेतलं नाय." गोविंदने तांब्या घेतला आणि अर्धा तोंडात, अर्धा छातीवर सांडला. याच्यावरही कोणी तरी काही तरी बोललं.

चादरीची डोली करून कमळला खाली नेलं. बांबूला चार खांदे लागतात, चौथा गोविंदने दिला. उतारावर तो दोनदा अडखळला. दुसऱ्यांदा सुदामने त्याला बाजूला केला आणि स्वतः खांदा लावला. गोविंद मागे मागे चालत राहिला. मध्येच विचारायचा, "राब पेटवला का?" सुदाम म्हणायचा, "पेटवला काका, चला."

दिवस मावळायला यमुनाच्या दारात पोहोचलो. कोणी तरी जीप आणून ठेवली होती. कमळला मागच्या बाकावर आडवी केली, तिचं डोकं माझ्या मांडीवर. सुदाम पुढे. पोरीला यमुनाने घेतलं आणि शेळीचं दूध पाजते म्हणाली. जीपमध्ये आणखी एक माणूस बसला असता.

यमुनाने विचारलं, "गोविंददादा, तुमी जाताव का? तुमचं तोंड कसं दिसतंय."

तो ओटीवर बसला होता, भिंतीला पाठ लावून. म्हणाला, "मला काय झालंय? जरा टेकतो."

हे वाक्य तो नीट बोलला. म्हणून मी जीपवाल्याला चला म्हटलं.

मुरबाडच्या दवाखान्यात कमळला बर्फात ठेवतात तशी ठेवली. काखेत, जांघेत बर्फ, हाताला सलाईन. डॉक्टर तरुण होता. त्याने मला विचारलं, "शेवटची लघवी कधी झाली हिला?" मला सांगता येईना. आदल्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर ओढ्यावर गेले होते. त्यानंतर ती बोलली नव्हती आणि मी विचारलं नव्हतं. डॉक्टर सलाईनची बाटली बदलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाचा नवरा आला. तो दाराशीच उभा राहिला, आत येईना. मला वाटलं पोरीचं काही तरी झालं. मी बाहेर गेले.

गोविंद दिवेलागणीलाच गेला होता. जीप नाक्यावर वळली असेल, तेवढ्यात. यमुना त्याला चहा द्यायला गेली तर तो तसाच भिंतीला टेकून बसलेला, मान छातीवर. अंग हात लावू देत नव्हतं इतकं तापलेलं होतं. यमुना नंतर मला म्हणाली, "मी आधी हसले, वाटलं सोंग करतोय."

कमळला तिसऱ्या दिवशी शुद्ध आली. चौथ्या दिवशी तिने सुदामला ओळखलं, माझं नाव घेतलं, पोर कुठे विचारलं. दूध परत आलं नाही. पोर शेळीच्या दुधावर वाढली. कमळचा डावा हात अजून थोडा थरथरतो, तांदूळ निवडताना दिसतो. डॉक्टरने आम्हांला सांगितलं की पहिला तो पाच लिटरचा कॅन वेळेवर मिळाला नसता तर ही राहिली नसती.

वर गेलो होतो नऊ माणसं आणि एक पोर. कमळ जगली, पोर जगली, आम्ही बाकीचे सात जण जगलो. गोविंद नाही जगला.